उलटी अक्षरं

तार्तू, डिसेंबर. दुपारी साडेतीनलाच काळोख,
तरी लीलोला तो पुरत नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीवर तिनं घोंगडी ठोकली,
फ्रिजच्या हिरव्या दिव्यावर चिकटपट्टी,
कॅमेरा पाककृतींच्या तीन पुस्तकांवर.
"तीस सेकंद. बाबा, श्वास घ्या, पण हलू नका."

टॉर्च फिरली. मी अंधारात
बटाट्याच्या पोत्यासारखा बसलेलो.
फोटोत तिचं नाव आलं, पण आरशातलं,
आणि ती स्वतः कुठेच नाही.
पुन्हा. पुन्हा.
तीन दातांची ई बाराव्यांदाही पाठमोरी.
मला मध्येच शिंक आली, तर मला दोन नाकं.

मग दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे एंडेल राउद्सिक:
"तुमचीच वीज गेली का? मेणबत्ती आणलीय."
चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस.
सगळं ऐकून घेतलं, मेणबत्ती खिशात घातली,
टॉर्च मागितली.

उजवीकडून डावीकडे, न अडखळता,
रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस
आपल्याच घरात चालतो तसा त्यांचा हात.

पडद्यावर नाव उमटलं. सरळ, सुबक,
आणि शेवटी एक टिंब.

"नावापुढे टिंब कशाला?"
"सवय," ते म्हणाले. "ओळ उघडी टाकून घरी जायचं नाही."

त्या टिंबापाशी हात जरा जास्तच थांबला असावा.
तिथे प्रकाश जळून पांढरा झालाय
आणि त्याच्या कडेला
एक अंगठा, अर्धा चष्मा.