मूळ यादी

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये रात्री दोनला
पंख्याचा वारासुद्धा तापलेला असतो.
समोर इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचा कंट्रोलर, झाकण काढलेलं,
आणि ब्रशने झाडूनही न निघणारी सुताची लव.
चालू केला की आधी जागं होतं फर्मवेअर.
ते एकदाच बोलतं.
कर्नेलला सांगतं: ही मेमरी, इथून इथवर, वापर.
ही राखीव. ही खराब, जाऊ नकोस.
मग गप्प. पुन्हा विचारायचं तर
सगळं बंद करून पहिल्यापासून.

नायनाही असेच होते. जॉबर.
साखर पेठेतल्या कारखान्यात भोंग्याआधी
चोवीस मागांमधून एक फेरी,
ताण्यावरून बोट, फणीशी कान,
मग पत्र्याच्या दारावर आतून खडूने यादी:
एक ते पाच चालू.
सहा राखीव, नमुन्याच्या चादरीसाठी.
नऊचा धोटा उडतो, लांब राहा.
एवढं लिहून चहाला.
नंतर दिवाणजी यायचे वही घेऊन,
यादी उतरवायचे, उतरवता उतरवता सुधारायचे.
बँकेच्या कागदांत चोवीसच्या चोवीस चालू.
बदली कामगार वहीवरून माग घ्यायचा,
दार तोवर ओल्या फडक्याने पुसलेलं.

कर्नेल दिवाणजीइतकं लबाड नाही, कबूल.
पण तेही कडा जुळवतं, तुकडे जोडतं,
स्वतःसाठी एक कोपरा धरतं.
संसार चालवायचा तर करावंच लागतं.
अडतं कुठे, तर एक कर्नेल
फर्मवेअरला न उठवताच
दुसऱ्याला थेट गादीवर बसवतं तेव्हा.
नवं विचारतं, जागा कुठली माझी?
आणि हातात पडते सुधारलेली वही.
आमचा कंट्रोलर नेमका तिथे मरत होता,
मोराच्या चादरीत, पिसाऱ्याच्या मध्यावर.

म्हणून मी एवढंच केलं:
फर्मवेअर बोललं त्या क्षणी, कुणाचा हात लागायच्या आत,
नक्कल काढली
आणि कुठल्याही साध्या प्रोग्रामला दिसेल अशी टांगली.
दर तुकड्याचा एक फोल्डर, आत तीन फायली.
सुरुवात, शेवट, प्रकार.
तौफिक म्हणाला, प्रोग्रामला काय करायचाय
चावडीवरचा उतारा? मागतात तेवढी मेमरी मिळतेच की.
आणि कुणी खोडलं तर?
खोडता येत नाही, म्हटलं. फक्त वाचायची परवानगी.
डबा घेऊन गेले की नायना मला मागाजवळ उभं करायचे
आणि म्हणायचे, चूडु. मुट्टकु.
बघ. हात लावू नको.

पहाटे पहिल्यांदा वाचली.
शून्यापासून सहाशे एकोणचाळीस किलोबाइट, चालू.
पुढचा एक, राखीव.
आणि मग यादी उडी मारते, थेट नऊशे साठवर.
मधल्या जागेबद्दल एक अक्षर नाही.
चालू नाही, राखीव नाही, खराबसुद्धा नाही.
तौफिक म्हणाला, सुटलं असेल. भरून टाक काहीतरी.

दारावर सहानंतर आठ यायचा.
सातवर यंबय्या गुंडलाचा हात गेला होता, कोपरापर्यंत,
मार्कंडेयाच्या रथाच्या आदल्या दिवशी.
वहीत सात चालू.
नायनांनी तो बंद असाही लिहिला नाही कधी.
खडू थांबायचा, बोटभर पत्रा कोरा सोडायचा,
पुढे जायचा.
मी कधी विचारलं नाही. डबा द्यायचे, निघायचे.

मी भरलं नाही.
बोललं तसं ठेवलं, पोकळीसकट.
बाहेर पहिल्या पाळीच्या सायकली वाजायला लागल्या होत्या.
कंट्रोलर परत चालू केला, कर्नेल बदललं,
पिसाऱ्याच्या मध्यावर सुया जरा अडखळल्यासारख्या वाटल्या
आणि पुढे गेल्या.

तौफिकने झाकणाचे स्क्रू आवळत विचारलं,
त्या यंबय्याचं पुढे काय झालं?
माहीत नाही, म्हटलं.
यादीत नाही.