कलमातलं बंदर

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी
न्यायाधीशबाईंनी सही केली
आणि डे मॉइनमधली ती म्हातारी विमा कंपनी
आमच्या ताब्यात आली,
किल्ल्यांसकट, कॉफीच्या यंत्रासकट.

स्थगिती सगळ्यांना.
छपाईवाल्याचं बिल, लिफ्टवाल्याचं बिल,
पेला गावच्या आर्डिस व्हेनस्ट्राची वार्षिकी,
एकतीस वर्षं शाळेची बस चालवून साठवलेली.
जिथं आहात तिथंच थांबा, म्हणाला कायदा.

सगळ्यांना म्हणजे,
पुढचं पोटकलम वाचलं तर,
सगळ्यांना नाही.

व्याजदरांच्या अदलाबदलीचे करार होते एकशे बारा,
न्यूयॉर्कच्या एकाच बँकेशी.
सहाच्या आत तिचा ईमेल: करार संपले.
जमा-नावे एकमेकांत जिरवून
उरला एक आकडा,
आणि त्यापोटी आमचे सरकारी रोखे,
त्यांच्याकडे तारण ठेवलेले,
विकूनही झाले
आमचा पिझ्झा यायच्या आत.

वकील याला सुरक्षित बंदर म्हणतात.
या राज्याला समुद्र नाही.
मक्याच्या शेतापलीकडे मक्याचंच शेत.
तरी कलमात बंदर आहे,
आणि वाऱ्याची बातमी आधी जहाजांनाच लागते.

रूबेन, माझा साहेब, म्हणतो,
त्यांना अडवलं असतं तर एकीमागून एक
दहा बँका बसल्या असत्या.
असेल. मी हिशेबनीस.
शाळेत शिकलो ते इतकंच, की हातचा विसरायचा नाही.
त्यांनी विसरला नाही.

रांगेत आर्डिस पुढे आहे, हेही खरं.
आधी पॉलिसीवाले, मग उरलेले.
फक्त रांग सुरू होते
तारण उचलून नेलं त्या रिकाम्या जागेपासून.
जे तारतं त्यालाच तारण म्हणतात ना?
कुणाला, ते शब्दात लिहिलेलं नाही.

मंगळवारी तिचा फोन.
आवाज चढवला नाही.
"बस बंद पडली की मी आधी मागं जायचे,
पोरं मोजायला.
कोण कधी उतरून गेलं, पुढून कळत नाही.
तुम्ही मोजलंत?"

मोजलं, म्हणालो.
मोजलं नव्हतं. बेरीज तपासली होती.

दिवे गेल्यावर टेबलावरचा लावून
मी बँकेची यादी काढली,
बोट ठेवून एकेक करार.
एकशे अकरा.

पुन्हा, खालून वर.
एकशे अकरा.

रूबेन कोट घालत होता.
मी म्हटलं, जरा थांबता?