सुताला विचारून

बंद पडलेल्या सायबर कॅफेतून
बिराजदारनं अठराशेला दिलेलं हे कॅबिनेट,
बाजूचा पत्रा एका स्क्रूवर लटकलेला.
आत चार कोअर, चार जीबी रॅम,
पंख्याच्या पात्यांवर दहा वर्षांची धूळ,
पिंजल्यासारखी मऊ.

चादरीचं डिझाइन उघडायला सहा मिनिटं.
मोर पडद्यावर येतो तो पिसापिसानं.
तेवढ्यात अम्माच्या सुपात
दहा विड्या वळून होतात.

नवा घे, सगळे म्हणतात.
नवा म्हणजे चाळीस हजार,
अम्माच्या हिशेबात दोन लाख विड्या.
म्हणून मी बायोस उघडला.

नायना मागं येऊन उभे.
"काय करालास रे?"
"वेग वाढवालोय. पैसे न घालता."
हसले नाहीत.
चाळीस वर्षं अक्कलकोट रोडला जॉबर होते,
त्यांनी एवढंच विचारलं, "पुली बदलणार?"

मी समजावलं: बसचा आकडा दोनशे सहासष्ट,
त्याला नवानं गुणायचं,
नऊ कंपनीनं कुलूप लावून ठेवलेत,
वाढवायचा तो मूळचा आकडा.
रॅम पण त्याच्यावरच फिरते.
"म्हणजे एका शाफ्टवर दोन माग.
मग आधी दुसऱ्याचा पट्टा सैल कर."
मी रॅमचं गुणोत्तर उतरवलं.
हे मला शिकायला तीन रात्री लागल्या होत्या.

मग त्यांनी सांगितलं, मालकानं एकदा
मोटरला मोठी पुली लावली,
दोन दिवस कापड भराभर उतरलं,
तिसऱ्या दिवशी धोटा उडाला,
मल्लेशमच्या कानशिलाला सात टाके.
"सुताला कुणी विचारलंच नव्हतं.
तू मेल्लगा कर. हळू."

वाळून चुना झालेली पेस्ट खरवडली,
नवी लावली अर्ध्या शेंगदाण्याएवढी.
सगळे मोर दोन पेनड्राइव्हवर.
वहीत तीन रकाने: आकडा, व्होल्टेज, तापमान.
दहा-दहानं चढलो,
प्रत्येक पायरीवर तासभर बसलो.
जानेवारीत तीनशे तेहतीस,
गड्ड्याच्या थंडीत कॅबिनेट गार,
मला वाटलं, जमलं.

हाव सुटली. तीनशे चाळीस.
पडदा काळा. पंखा फिरतोय, आत कुणी नाही.
नाण्याएवढी बॅटरी काढली, दहा मिनिटं थांबलो,
परत बसवली. सुरू झाला,
सगळं विसरून, मूळच्या वेगावर,
आणि घड्याळात २००९ चा जानेवारी.
नायना बघत राहिले त्या तारखेकडं.
तेव्हा कारखाना चालू होता.
मी तारीख लगेच नाही बदलली.

एप्रिल. दुपारी तीन, बाहेर त्रेचाळीस.
आतला आकडा अठ्ठ्याहत्तरवर जाऊन बसला.
अम्मानं आपला टेबलफॅन
न विचारता कॅबिनेटकडं वळवला,
तंबाखूची पूड उडाली, ती शिंकली.
त्या रात्री मेमरीची चाचणी लावून झोपलो.
पहाटे चारला एक लाल ओळ.
एवढ्या मोठ्या ताण्यात एकच तार.

मागावर तार तुटली की दिसते,
मागवाला गाठ मारतो.
इथं तुटलेली तार मुकाट सेव्ह होते,
महिन्यानं कुणाच्या तरी अंथरुणात
मोराचा एक डोळा आंधळा.

तापमान झाकता आलं असतं.
व्होल्टेज अजून थोडं रेटता आलं असतं.
नाही रेटलं.
तीनशे वीस. गुणिले नऊ.
मे महिन्यात, भर दुपारी, पंखा अम्माकडं ठेवून
चार तास तपासलं. मग दोन अख्ख्या रात्री.
एकही लाल ओळ नाही.

सहाची पाच मिनिटं झाली.
"एका मिनिटासाठी चार महिने?"
अम्मानं विचारलं. हात चालूच.
मला उत्तर सुचलं नाही.

नायनांनी पत्र्याला कान लावला,
बराच वेळ लावून ठेवला.
मग खिशातनं खडू काढला
(कामावर जात नाहीत, खडू अजून असतो),
कॅबिनेटवर लिहिलं, मागावर लिहायचे तसं:
३२०.
आणि खाली, बारीक अक्षरात:
वाढवू नये.