उंची तशीच ठेवून

शंकरपूरच्या अलीकडे, टायरांच्या चळतीमागे
शालिकराम दडमलचं गॅरेज.
पाटी नाही. एक गंजकं बोनेट टेकवून ठेवलंय,
त्यावर चुन्यानं लिहिलंय : आत आहो.

मी गाडी दाखवली, मग डबाही दाखवला,
निळा, बर्फाचा, चाळीस नळ्यांचा.
म्हटलं, भिसीहून निघताना रक्त ठीक असतं,
ब्रह्मपुरीला पोचेस्तोवर
नळीतलं वरचं पाणी लाल होतं.
पेशी फुटतात हादऱ्यानं.
लॅबवाले कागदावर एकच शब्द लिहितात : पुन्हा.
आणि सोनाबाई गरमळेंना पुन्हा बाही वर करावी लागते,
त्यांची शीर एरवीही
तिसऱ्या खेपेलाच सापडते.

निकेश, हाताखालचा पोरगा, लगेच म्हणाला,
"दोन इंच खाली घेऊ, मॅडम. स्प्रिंगा कापू.
वळनावर झुकनार नाही, रस्त्याले चिकटून चालन."
मोबाइलवर त्यानं कुठल्याशा शहरातली गाडी दाखवली,
डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी,
पोट टेकलेली, डोळे तेवढे वर.

दडमल हसला नाही. पाना पुसत राहिला.
"त्या गाडीच्या समोर रस्ता आहे.
हिच्या समोर नाला आहे, मंग गोटे, मंग बैलबंडीची चाकोरी.
उंची म्हंजे तोरा नाही रे, बाबू.
उंची म्हंजे चाकाले देल्ली रजा.
थे कापली तं गोटा सरळ मॅडमच्या डब्यात येते."

मग त्यानं डिक्की उघडली.
अर्धी सिमेंटची गोणी, दगड झालेली.
मोडकी खुर्ची. सलाइनचा स्टँड.
"हे कोनाचं?"
माझंच होतं. दीड वर्षापासून.

"हवा किती भरता?"
छत्तीस. पंपावरचा मुलगा म्हणतो, अॅव्हरेज मिळतं.
त्यानं नखानं वाल्व दाबला,
गाडीनं लांब श्वास सोडला, तीसवर थांबली.
"पयली स्प्रिंग टायरच असते. थेच तुम्ही लाकडाची केली."

बोनेटवर दोन्ही तळवे टेकून त्यानं भार दिला
आणि हात काढले.
गाडी वर, खाली, वर, खाली, पुन्हा वर.
"एकदाच याले पाहिजे. वर येऊन चूप बसाले पाहिजे."
पुढचे शॉकअप तेल गाळून कोरडे पडले होते.
बुश सुपारीसारखे कडक.
स्टॅबिलायझरची लिंक त्यानं हातानं हलवली,
ती खडखडली खुळखुळ्यासारखी.

संध्याकाळी दोन सोड्याच्या बाटल्यांना सुतळी बांधून
गाडीच्या बाजूनं ताणली,
एक डोळा मिटून चाकाशी बोलत बसला.
अर्धा आटा इकडे. नाही, पाव.
मागचे शॉकअप राहिले. "पगार झाला का या."
हिशोब बिडीच्या कागदावर.

गाडी मऊ झाली नाही. मऊ वेगळं.
खड्डा कळत होता,
पण एकदाच कळत होता, मग संपत होता.
कान्प्याच्या वळणावर मी नेहमीसारखे खांदे आखडले,
त्याची गरज पडली नाही.
निकेश मागं बसला होता, डबा मांडीवर घेऊन.
बराच वेळ गप्प. मग नुसतं,
"खाली नाही घेतली तरी..."
पुढचं त्यानं गिळलं.

दुसऱ्या दिवशी नळ्यांतलं पाणी पिवळं होतं,
वरणाच्या निवळीसारखं.
दोन लाल. मागच्या शॉकअपच्या नावानं मी ते मांडून ठेवले.

भिसीत सोनाबाईंनी मला पाहून सवयीनं बाही सारली.
"आज नाही, मावशी. नुसता कागद द्यायला आले."
त्या बाही खाली करत गाडीकडे बघत राहिल्या.
"नवी घेतली का वो?"
नाही म्हणेपर्यंत त्यांची कोंबडी
सात पिल्लं घेऊन गाडीखाली शिरली,
मान न वाकवता,
आणि पलीकडून निघाली.