पंचावन्न अंशांखाली नको

खोक्यावर लाल अक्षरांत लिहिलंय :
पंचावन्न अंशांखाली ठेवू नये.
बाहेर उणे अठरा.
डुलुथमध्ये फेब्रुवारीत इतकी ऊब
बेकरीत असते, नाहीतर न्हाणीघरात.
म्हणून दुकानाच्या शीतकपाटात गुलाब झोपलेत
आणि हिलोहून आलेली ही पाहुणेमंडळी
माझ्या बाथटबमध्ये, कोमट पाण्यात,
काठाला माना टेकून.
दोन दिवस मी अंग पुसून भागवतेय.

सिग्ने हॉल्वर्सन म्हणाली होती,
मला फुलासारखं दिसणारं फूल नको.
बंदरावर क्रेन चालवते. त्रेपन्न वर्षांची.
पहिल्या लग्नात पांढरे गुलाब होते, म्हणाली,
आणि हातमोजे चढवू लागली.

माझ्या लग्नात अबोली होती.
नावाप्रमाणेच. दोन्ही बाजूंनी.

हेलिकोनिया उचलते : खेकड्याच्या नांग्या
एकीखाली एक टांगलेल्या,
प्रत्येकीत चमचाभर शिळं पाणी,
आणि एकीत मुंगी. जिवंत.
चार हजार मैल आली, बिनतिकीट.
अँथुरियम मेणकापडाचं वाटतं,
गिऱ्हाईक नख लावून बघतं, मग ओशाळतं.
टॉर्च जिंजर, आल्याच्या घराण्यातली थोरली,
जरा वारा लागला की कडा काळवंडतात,
मानी आहे.
आणि तळाशी ओल्या कागदात
वीतभर, गुलाबी,
रानकेळीची केळफुलं.

इथे हात थांबला.
उभादांड्याला ही सगळी जात
न्हाणीच्या पाटाला वाढायची,
भांड्यांचं राखाडी पाणी पिऊन.
कर्दळीला कोण विचारतं?
आणि केळफूल कुणी नवरीच्या हातात देतं?
ते सोलायचं, फुलाफुलातला काळा दांडा उपटायचा,
रात्रभर ताकात ठेवायचं,
मग काळे वाटाणे, ओलं खोबरं.
बोटं तीन दिवस काळी.
इथे एकाचे सात डॉलर.
आई असती तर आधी भाव विचारला असता,
मग माझ्याकडे बघितलं असतं
वेड लागल्यासारखं. मला की त्यांना, कळू न देता.

तारेने कणा द्यायचा, हिरवी पट्टी ताणून गुंडाळायची,
देठ तिरके कापायचे.
एक हेलिकोनिया काडकन मोडलं. शिवी दिली. मराठीत.

शुक्रवारी सिग्ने आली,
बुटांवर रस्त्याचं मीठ.
गुच्छ एका हातात तोलला, डोळे मिटले.
भार डावीकडे जातोय, म्हणाली.
एकवीस वर्षं मी फुलं बांधतेय.
मी म्हटलं, नाही.
ती म्हणाली, जातोय.
जातच होता.

सगळं सोडलं. परत बांधलं.
केळफुलं मध्यावर घेतली, मुळाशी,
जहाजाच्या तळाशी वजन ठेवतात तशी.
ती म्हणाली तशी.
मग तिने तो पोटाशी धरला
आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली.
मी म्हटलं, बघ तरी.
ती म्हणाली, हाताला कळलं.

उरलेलं एक केळफूल रात्री चिरलं.
ताक होतं, वाटाणे नव्हते.
कडू झालं. शोभेची जात ती.
तरी खाल्लं, उभ्यानेच, ओट्यापाशी.

टब रिकामा केला तेव्हा
साबणाच्या वडीवर मुंगी फिरत होती,
कुणाला तरी पत्ता विचारायचा असल्यासारखी.
साखरेचा एक दाणा ठेवला तिच्यापुढे.
आणि हीटर बंद करायला गेलेला हात
परत घेतला.