सुतळीचं माप

खैरनार म्हणाले, एसी काढूनच टाका.
मी म्हटलं, साहेब, मे महिना आहे,
सातपूरचा पत्रा दुपारी तडतड वाजतो,
लोक बसवून घ्यायला येतात,
काढायला कोणी येत नाही.
ते स्टुलावर बसले. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला,
डिसेंबरात धरतात तसा.

तशी जागाही नव्हती, हेही खरं.
मार्शलचं इंजिन गेलेलं,
लिंक रोडच्या भंगारातून आणलेलं बोलेरोचं
साखळीला टांगून छातीइतकं वर,
हळूहळू गिरकी घेत होतं.
जुना कॉम्प्रेसर पाइपांसकट तारेनं बाजूला बांधून ठेवला होता.
लावून पाहिला. त्याचा कान चासीला अडला.
किती अडला? बोटभर.
बोटभरासाठी मी एरवी चासी ठोकली असती.

शेजारून मशीन आणून गॅस ओढून घेतला.
ओढूनही थोडा उरतोच.
नट ढिला केला, तेव्हा फुस्स झालं
आणि पाइपाच्या तोंडाशी पांढरं धरलं.
पूनम भोयेनं हातमोजा पुढं केला.
आयटीआयची पोरगी, सुरगाण्याकडची, तिसरा महिना.
मोज्यावर बघता बघता दव आलं, गेलं.
खैरनार उठून बघायला आले नाहीत.

स्टुलावरूनच म्हणाले:
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
कागदाला घाम चालत नाही,
म्हणून आम्हाला थंड ठेवायचे.
नाशिकरोडला ऊन पडलंय की ढग आलेत
ते सुट्टी झाल्यावर कळायचं.
मग गुडघ्यावरून हात फिरवला, म्हणाले,
हे तिथंच राहिले.

आता बेल्ट.
पंगतीतून एक जण उठला
की बाकीच्यांना सरकून बसावं लागतं.
सुतळी घेतली. क्रँकवरून वर अल्टरनेटर,
स्टिअरिंगचा पंप, पाण्याचा पंप,
टेन्शनरच्या पाठीवरून पुन्हा खाली.
गाठ मारली. कापली.
द्वारकेला दुकानदार म्हणाला, कुठली गाडी?
मी सुतळी काउंटरवर ठेवली.
मॉडेल तर सांगा.
मॉडेल राहिलं नाही, म्हटलं, लांबी आहे.

इंजिन पहिल्या चावीला लागलं.
आवाज असा गोल, की शेजारचा वेल्डर काच वर करून आला.
मी खैरनारांकडे बघितलं, आणि
तेवढ्यात पूनम म्हणाली, बंद करा.
काटा चढत होता.
तिनं खडूनं पुलीवर बाण काढला,
म्हणाली, आता नुसती एकदा चावी मारा.
बाण गेला डावीकडे.
सर, पाणी उलटं फिरतंय.

बेल्टची रेघांची बाजू लागायला हवी होती,
लागत होती पाठ.
बावीस वर्षं मी हेच करतो.
उगाचच पान्हा शोधला,
तो हातातच होता.

मग कॉम्प्रेसरच्या जागी
मुठीएवढी रिकामी पुली बसवली.
तिच्यामागे काही नाही. ती काही चालवत नाही.
बेल्टला तिथून वळावं लागतं, एवढंच.
नवी सुतळी. पुन्हा द्वारका.
दुकानदारानं मॉडेल विचारलं नाही,
नुसता हात पुढं केला.

संध्याकाळी खैरनार गिरणाऱ्याच्या रस्त्यानं गेले,
चारही काचा खाली.
डॅशवरचं एसीचं बटण काढायचं राहून गेलं.
फोन करून सांगितलं, तर म्हणाले, असू द्या,
दिवा छान लागतो.

कॉम्प्रेसर मी फळीवर ठेवलाय,
कोणी घेईल म्हणून.
येता-जाता पूनम त्याची पुली बोटानं फिरवते.
बराच वेळ फिरते ती.
क्लच सुटलेला,
आतलं काही हलत नाही.