उतरलेला गंधार

आईचं तेरावं व्हायच्या आतच
इंगळे सरांनी व्हायोलिन हातात दिलं.
"रडायचं ते इथं. घरी नाही.
घरच्यांना त्यातलं काय कळतंय?"

बरं वाटलं होतं तेव्हा.

मग रात्री अकराला फोन :
सा लाव. अजून. हां, झोप आता.
मैत्रिणी सुटल्या, पप्पांशी बोलणं सुटलं,
सरांचा चहा मीच गाळायला लागले
आईच्या मापानं साखर घालून.

काल गंगावेशीत म्हशीची धार निघत होती.
पप्पांनी न बोलता ग्लास पुढं केला.
फेस ओठाला लागला
आणि आई गुणगुणली,
गंधार कायमचा उतरलेला.

सर म्हणायचे, ते कानातनं काढून टाक.

अकरा वाजलेत. फोन थरथरतोय.
मी गंधारावरचं बोट
केसभर मागं घेते.